रिपोर्टमधला ‘विनाकारण’ हा शब्द

सहा वर्षांपूर्वी मी लिहिलेला एक इन्सिडेंट रिपोर्ट आहे, त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. ‘संध्याकाळी 6.40 वाजता अचानक, विनाकारण ॲग्रेसिव्ह झाला, खुर्ची फेकली, स्टाफच्या अंगावर धावून आला.’ खाली माझी सही. वेळ बरोबर, खुर्ची बरोबर, अंगावर धावून आला हेही बरोबर. अचानक आणि विनाकारण हे दोन शब्द मात्र खोटे होते, आणि ते खोटे आहेत हे तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

मी बंद युनिटमध्ये काम करते. बंद म्हणजे खरोखर बंद, बाहेरच्या दाराला कुलूप आणि किल्ली स्टाफच्या कमरेला. इथे राहणाऱ्यांना सौम्य बौद्धिक अक्षमता असते किंवा बुद्ध्यांक सीमारेषेवरचा असतो, म्हणजे साधारण 50 ते 85 च्या मधे कुठेतरी, आणि त्यासोबत कुणाच्या मागे कोर्टाची केस, कुणी दुसऱ्याला नाहीतर स्वतःला गंभीर इजा केलेली, कुणाला तीन-चार संस्थांनी ‘आम्हाला झेपत नाही’ म्हणून परत पाठवलेलं. असे आठ-दहा जण एका गटात राहतात, हॉल एक, टीव्ही एक, आणि बहुतेकांनी एकमेकांना निवडलेलं नसतं, आम्हाला तर नाहीच नाही.

तर त्या संध्याकाळी काय झालं ते सांगते. त्याला इथे महेश म्हणते, नाव बदललंय. त्याची बहीण संध्याकाळी फोन करणार होती. पाचला त्याने मला विचारलं, ‘ताई, फोन कधी?’ मी म्हटलं, ‘नंतर.’ दहा मिनिटांनी परत आला, मी म्हटलं, ‘थांब जरा.’ मग दुसऱ्या सहकाऱ्याला विचारलं, तो म्हणाला, ‘सांगितलं ना एकदा.’ मग बदली आलेल्या, महेशला कधीच न भेटलेल्या एका मुलाला विचारलं, तो म्हणाला, ‘बघू.’ दोन जण रजेवर होते, हँडओव्हरचे, म्हणजे पुढच्या शिफ्टला काम सोपवायचे, कागद राहिले होते, टीव्ही मोठ्याने चालू होता, कोपऱ्यात दुसरा एक जण येरझाऱ्या घालत होता आणि प्रत्येक फेरीला महेशच्या खुर्चीला धक्का लागत होता. सहाच्या सुमाराला तो ऑफिसच्या काचेवर टकटक करायला लागला, एकदा, दोनदा, तीनदा. मी काचेआडून हाताने ‘जा’ अशी खूण केली आणि पाठ फिरवली. 6.40 ला खुर्ची काचेवर आली.

त्यानंतरचं सगळं नेहमीसारखं. तिघांनी धरलं, जमिनीवर दाबलं, सेक्लुजनच्या, म्हणजे एकट्याला कोंडून ठेवायच्या, खोलीत नेलं, 50 मिनिटं. बहिणीचा फोन सव्वासातला येऊन गेला, तेव्हा तो आत होता.

रिपोर्टच्या फॉर्ममध्ये त्याने काय केलं यासाठी अर्धं पान होतं, त्याला कसं आवरलं यासाठी अर्धं पान. त्याआधीच्या दीड तासात त्या हॉलमध्ये काय चाललं होतं, त्याला कुणी काय उत्तरं दिली, यासाठी एक ओळसुद्धा नव्हती. मग तिथे ‘विनाकारण’ सोडून दुसरं काय लिहिलं जाणार?

‘नंतर’ हा शब्द तुम्हाआम्हाला निरुपद्रवी वाटतो. ज्याला घड्याळ नीट लागत नाही, अर्धा तास म्हणजे किती हे ज्याच्या अंगात मुरलेलं नाही, त्याच्यासाठी नंतर म्हणजे काहीच नाही, नंतर म्हणजे बहुतेक नाहीच. आणि सौम्य अक्षमतेत खरी अडचण अशी असते की माणूस बोलतो छान. महेश सिरीयलमधले डायलॉग म्हणून दाखवतो, शिव्याही अस्खलित देतो, त्यामुळे समोरच्याला वाटतं याला सगळं कळतंय, मुद्दाम करतोय. बोलणं पुढे असतं, समज मागे असते, आणि मधल्या खड्ड्यात रोज कुणीतरी पडतं. ‘मुद्दाम करतो’ हे वाक्य मी स्टाफरूममध्ये जितक्या वेळा ऐकलंय तितकं दुसरं कुठलंच ऐकलं नसेल, आणि एकदा ते मनात बसलं की पुढची सगळी उत्तरं त्याच सुरात निघतात.

नेदरलँड्समध्ये या विषयाला एक शब्दच आहे, लेफक्लिमाट, राहण्याचं वातावरण. तिथले पेर व्हान डेर हेल्म आणि गेर्ट यान स्टाम्स यांच्यासारखे संशोधक बंद संस्थांमधलं हे वातावरण मोजायला लागले, आधी कोंडलेल्या किशोरवयीन मुलांमध्ये आणि कैद्यांमध्ये, आणि पुढे बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या बंद युनिटांमध्येही. त्यांची ग्रुप क्लायमेट इन्व्हेंटरी नावाची प्रश्नावली 2011 मध्ये छापून आली, 36 वाक्यं, आणि ती स्टाफला नाही तर तिथे राहणाऱ्यांना विचारायची. त्यात चार गोष्टी बघतात: स्टाफकडून आधार मिळतो का, इथे राहून मी काही शिकतोय, पुढे जातोय असं वाटतं का, गटातली माणसं एकमेकांशी कशी वागतात, म्हणजे एकूण हवा कशी आहे, आणि चौथं दडपण. जर्मनीत नॉर्बर्ट शालास्ट यांनी 2008 मध्ये कुलूपबंद फोरेन्सिक वॉर्डांसाठी, म्हणजे गुन्हा केलेल्या मानसिक रुग्णांच्या वॉर्डांसाठी, अशीच एक छोटी प्रश्नावली दिली, एसेन स्केल म्हणतात तिला, 15 वाक्यांचे गुण धरायचे. त्यातलं ‘सुरक्षित वाटणं’ रुग्ण आणि स्टाफ दोघांनाही लागू होतं, हे मला फार आवडलं, कारण एकाच हॉलमध्ये एक घाबरलेला आणि दुसरा निश्चिंत असं सहसा नसतं.

या सगळ्यातलं दडपण माझ्या मनात घर करून राहिलं. आम्ही बंद युनिटवाले त्याला शिस्त म्हणतो. नियम नकोत असं मी मुळीच म्हणत नाहीये, ज्याच्या डोक्यात आधीच गोंधळ आहे त्याला ठरलेल्या गोष्टींचाच आधार असतो, आंघोळ कधी, फोन कधी, उद्या ड्युटीला कोण, हे पक्कं असलं की माणूस शांत होतो. दडपण म्हणजे नियम का आहे हे कुणी सांगत नाही, नियम आज एक उद्या दुसरा, एका ताईच्या शिफ्टला चालतं आणि दुसऱ्या सरांच्या शिफ्टला चालत नाही, आणि चुकलं तर शिक्षा मात्र ठरलेली. एकाने ग्लास फोडला म्हणून दहाही जणांचे काचेचे ग्लास काढून घेतले, हे दडपण. एकाच्या वागण्यामुळे सगळ्यांचं अंगणात जाणं बंद झालं, हेही. मग ते नऊ जण त्या एकावर डूख धरतात, रात्री त्याच्या दारावर लाथ बसते, आणि आमच्या वहीत आणखी एक इन्सिडेंट चढतो, तोही विनाकारण.

आणि यात एक चक्र आहे, ते आतून बघितल्याशिवाय लक्षात येत नाही. मारहाण झाली की स्टाफ घाबरतो, मी घाबरले आहे, माझ्या सहकाऱ्याचं मनगट मोडलं तेव्हा मी दोन आठवडे हॉलमध्ये बसायचं टाळत होते, काही ना काही कागदाचं निमित्त काढून ऑफिसमध्ये जायचे. घाबरलेला स्टाफ काचेमागे जातो, कमी बोलतो, आवाज चढवून बोलतो, लवकर धरतो. हॉलमध्ये स्टाफमधलं कुणी उरत नाही, दहा अस्वस्थ माणसं उरतात, लहानसहान कुरबूर तिथल्या तिथे मिटवायला कुणी नसतं, आणि ती भडकूनच आमच्यापर्यंत पोचते. मग आम्ही म्हणतो बघा, किती धोकादायक आहेत हे लोक, आणखी एक दार बंद करा. प्रत्येक पाऊल त्या क्षणी शहाणपणाचंच वाटतं, म्हणून तर ते थांबवणं इतकं कठीण जातं.

हे किती लांब जाऊ शकतं याचं उदाहरण इंग्लंडमध्ये सगळ्यांनी पाहिलं. ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचं 24 खाटांचं खाजगी हॉस्पिटल होतं, बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम असलेल्यांसाठी. मे 2011 मध्ये बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने केलेलं चित्रण दाखवलं, लोकांना मारताना, खुर्चीखाली दाबून ठेवताना, थंड पाण्याखाली धरताना. पुढच्याच महिन्यात ते बंद झालं, 11 जणांवर गुन्हे सिद्ध झाले, त्यातले 6 तुरुंगात गेले. मला हादरवून टाकलं ते वेगळ्याच गोष्टीने. चौकशीत निघालं की 2010 या एका वर्षात तिथे 379 वेळा लोकांना शारीरिक बळाने आवरल्याची नोंद होती. नोंद! कागद होते, रोज भरले जात होते, तिथल्याच एका सीनियर नर्सने लेखी तक्रारही केली होती, आणि तरी कुणाला वाटलं नाही की हा आकडा रुग्णांबद्दल नाही, घराबद्दल सांगतोय. आमच्या युनिटमध्ये तसा छळ होत नाही हे मी खात्रीने सांगते, पण ‘यांचा स्वभावच असा’ हे वाक्य तिथेही असणार आणि आमच्याकडेही होतं.

उलट दिशेचा पुरावाही आहे. लेन बॉवर्स यांचा सेफवॉर्ड्स नावाचा प्रयोग, इंग्लंडमधली 15 हॉस्पिटलं आणि 31 वॉर्ड, 2015 मध्ये निकाल आले. हे मानसिक आजार अचानक बळावलेल्यांचे ॲक्युट वॉर्ड होते, आमच्यासारखे नाहीत, हे लक्षात ठेवून वाचा. त्यांनी नवीन कुलपं घातली नाहीत की औषधं वाढवली नाहीत, केल्या त्या दहा साध्या गोष्टी, नकार मऊ शब्दांत द्यायचा, वाईट बातमी कळणार असेल तर त्या माणसाजवळ आधीच जाऊन बसायचं, स्टाफने स्वतःबद्दल थोडं सांगायचं म्हणजे आपण नुसता युनिफॉर्म राहत नाही, रोज सगळ्यांची मिळून एक बैठक. भांडण-मारहाणीचे प्रसंग 15 टक्क्यांनी कमी झाले आणि धरणं-कोंडणं यांसारखे आवरण्याचे उपाय 26 टक्क्यांच्या आसपास. मला दुसरा आकडा जास्त मोठा असण्याचं महत्त्व वाटतं, म्हणजे स्टाफचा हात जास्त सैल झाला.

आणि औषधांबद्दल बोलायचं तर 2008 ची पीटर टायरर यांची चाचणी प्रत्येक युनिटच्या भिंतीवर लावायला हवी. बौद्धिक अक्षमता असलेले, आक्रमक होणारे 86 लोक, काहींना रिस्पेरिडोन, काहींना हॅलोपेरिडॉल, काहींना नुसती खोटी, औषध नसलेली गोळी. चार आठवड्यांत आक्रमकपणा तिन्ही गटांत कमी झाला, आणि सगळ्यात जास्त खोट्या गोळीच्या गटात, 79 टक्के! माझा अर्थ असा, की कुणीतरी त्यांच्याकडे रोज लक्ष द्यायला लागलं, नोंद ठेवायला लागलं, त्यांच्याबद्दल आशेने बोलायला लागलं. औषधं कुणी आपल्या मनाने बंद करू नका हे वेगळं सांगायला नको. पण प्रत्येक मारामारीनंतर डोस वाढवा म्हणणाऱ्या आम्ही सगळ्यांनी आधी हॉलमध्ये एक तास बसून यावं.

सगळंच वातावरणामुळे होतं असंही नाही, हे मला स्पष्ट लिहायचंय. दात ठणकत असतो आणि सांगता येत नाही. चार दिवस पोट साफ झालेलं नसतं. फिट येऊन गेलेली असते. गोळीमुळे पायात अशी तगमग होते की एका जागी बसवत नाही आणि आपण त्याला ‘बस, बस’ म्हणून ओरडत असतो. लहानपणी मार खाल्लेला माणूस मागून कुणी आलं की हात उगारतो. पहिल्यांदा दुखणं बघा, नेहमी. पण हे सगळं बघायला सुद्धा कुणीतरी त्याच्याजवळ असावं लागतं, काचेमागून दाढ दुखलेली दिसत नाही.

महेशच्या प्रसंगानंतर वर्षभराने आमच्याकडे पहिल्यांदा राहणाऱ्यांना विचारायचं ठरलं. खूप जण म्हणाले काय उपयोग, हे लोक सगळ्याला हो म्हणतात. ते काही अंशी खरं आहे, सिगेलमन आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्येच दाखवलं होतं की बौद्धिक अक्षमता असलेली माणसं प्रश्न समजला नाही की हो म्हणून टाकतात. पण मग आपला प्रश्न सुधारायचा ना, माणसाला विचारणं कशाला सोडायचं? आम्ही प्रश्नावलीतली वाक्यं छोटी केली, नकारार्थी वाक्यं काढून टाकली, उत्तरासाठी पाचऐवजी तीन चेहरे ठेवले, हसरा, मधला आणि रडवा. एकाच गोष्टीबद्दल दोन बाजूंनी विचारलं. आणि विचारायला त्या युनिटवर कधीच ड्युटी न करणारी व्यक्ती बसवली, कारण ज्याच्या कमरेला आपल्या दाराची किल्ली आहे त्याला कोण खरं सांगेल.

उत्तरं ऐकून मी गप्प झाले. एकाला विचारलं, स्टाफ तुझं ऐकतो का, तर तो म्हणाला, ‘रात्रीच्या ताई दार हळू लावतात.’ विचारणारीला वाटलं त्याला प्रश्न कळला नाही. मला मात्र लगेच कळलं. रात्री दर तासाला आम्ही प्रत्येक खोलीत डोकावतो, जड दार आहे, सोडून दिलं तर आपोआप धाडकन लागतं. एक जण, फक्त एक जण, ते हाताने धरून सावकाश टेकवायची, कडी बसताना अंगठा मधे ठेवायची आवाज होऊ नये म्हणून. कुणी तिला सांगितलं नव्हतं, कुठल्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं. आणि हा माणूस, ज्याच्या फाइलमध्ये ‘इनसाइट नाही’, म्हणजे स्वतःबद्दलची समज नाही, असं लिहिलंय, त्याने अंधारात पडल्या पडल्या कोण कसं दार लावतं याची नोंद ठेवली होती. त्याने प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं होतं.

दुसरा म्हणाला, ‘किल्ल्या वाजल्या की पोटात दुखतं.’ तेव्हापासून मी किल्ल्या खिशात ठेवते, रुमालात गुंडाळून.

मग काही बदललं, काही नाही. बदललं ते असं की हॉलच्या भिंतीवर एक मोठा बोर्ड आला, त्यावर आज आणि उद्या कोणत्या शिफ्टला कोण, आमचे फोटो, लोहचुंबकाने चिकटवलेले. ज्याचा फोन येणार त्याच्या नावापुढे रंगीत टायमर ठेवतो, लाल भाग सरकत सरकत संपतो, नंतर म्हणजे किती हे डोळ्यांना दिसतं. ‘नंतर’ हा शब्द आम्ही आपसात बंद केला, मी अजूनही चुकते, महिन्यातून दोनदा तरी तोंडातून जातोच, पण आता दुसरा कुणीतरी लगेच म्हणतो, ‘ताई, कधी ते सांगा.’ हँडओव्हर दोन टप्प्यांत करतो, म्हणजे सगळा स्टाफ एकाच वेळी काचेमागे नसतो, आमच्याकडे जास्तीत जास्त भांडणं त्याच वीस-पंचवीस मिनिटांत व्हायची हे वही उलटून बघितल्यावर कळलं. एकाची चूक सगळ्यांवर लादायची नाही, हे लेखी ठरलं. बदली माणूस आला तर त्याने आधी सगळ्यांशी ओळख करून घ्यायची, कामाला नंतर लागायचं.

बदललं नाही ते म्हणजे माणसांची कमतरता. एका शिफ्टला जिथे चौघं हवेत तिथे दोघं असतात आणि हळू दार लावणारीला सलग चार रात्री केल्यावर दार हळू लावणं जमत नाही, हे मी तिच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं. थकलेल्या माणसाकडून मऊ शब्द मागायचे असतील तर त्याला झोप द्यावी लागते. वरचे लोक वातावरणाचं ट्रेनिंग द्यायला एका पायावर तयार असतात, माणसं वाढवा म्हटलं की बैठक पुढे ढकलली जाते, याचा मला मनापासून राग आहे आणि मी तो प्रत्येक बैठकीत बोलून दाखवते. ज्यांनी वातावरण तयार करायचं त्यांच्या स्वतःच्या वातावरणाचं काय? आम्हालाही कुणीतरी विचारायला हवं ना, तीन चेहऱ्यांतला कुठला.

फॉर्ममध्ये नवीन रकाना मिळावा म्हणून मी दोनदा अर्ज दिला, अजून मिळालेला नाही. तोवर मी माझ्या शिफ्टचे रिपोर्ट पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सुरू करते. हॉलमध्ये किती जण होते, आवाज किती होता, त्याने कुणाला काय विचारलं, त्याला काय उत्तर मिळालं, शब्द जसेच्या तसे, माझे सुद्धा. दोन नवीन मुलं आता तसंच लिहायला लागली आहेत.

महेश अजून इथेच आहे. मागच्या वर्षभरात त्याला दोनदा धरावं लागलं, पूर्वी महिन्यालाच तीन-चार वेळा व्हायचं. चिडतो अजून, परवाच टायमर जमिनीवर आपटला, पण मी खाली बसून तुकडे गोळा करायला लागले तर तोही बसला. काल शिफ्ट संपताना त्याने विचारलं, ‘ताई, उद्या आहात?’ मी म्हटलं, ‘उद्या सुट्टी, परवा सकाळी आहे.’ तो बोर्डाजवळ गेला, उद्याच्या रकान्यात चुकून राहिलेला माझा फोटो काढला, परवाचा रकानाच नव्हता म्हणून थोडा वेळ हातात धरून उभा राहिला, आणि मग बोर्डाच्या बाहेर, लाकडी चौकटीवर उजवीकडे चिकटवायला बघत होता. लाकडाला चुंबक लागेना. मी चिकटपट्टी आणून दिली.